सगळेच टॉपर असतात, मग एसेमध्ये लिहायचं काय?

या वेळच्या पत्रांत स्कॉलरशिपचे अर्ज हाच विषय जास्त आहे, आणि त्यातही मेरिट स्कॉलरशिपच्या फॉर्ममधला तो दोनशे-तीनशे शब्दांचा एसे. फॉर्म भरून होतो, मार्कशीट अपलोड होते आणि मग ती रिकामी चौकट समोर आली की सगळ्यांचे हात थांबतात. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत आणि आज फक्त याच विषयावरची पत्रं घेतेय.

प्रश्न: ताई, मी फिजिक्स घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि एका मेरिट स्कॉलरशिपसाठी अर्ज करतेय. तीनशे शब्दांत "तुमच्याबद्दल सांगा आणि तुमचीच निवड का व्हावी ते लिहा" असं दिलंय. मार्क चांगले आहेत, वर्गात पहिल्या तिनात असते, पण त्यापलीकडे सांगण्यासारखं काहीच नाही, ना खेळ ना नाटक ना कुठलं सामाजिक काम. लिहायला बसलं की "लहानपणापासूनच मला विज्ञानाची प्रचंड आवड आहे" याच्या पुढे गाडी सरकत नाही. मला खरं तर फक्त लॅबमध्ये रमायला आवडतं. मागच्या टर्मला लंबकाच्या प्रयोगात सगळ्यांचं उत्तर कमी येत होतं, बाकीच्यांनी पुस्तकातला आकडा जर्नलमध्ये टाकून दिला आणि मी कारण सापडेपर्यंत सोडलं नाही, शेवटी कळलं की आम्ही लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजतच नव्हतो. पण असलं काही एसेमध्ये थोडंच लिहितात?

उत्तर: अगं, हेच लिहितात! पत्राच्या शेवटी जाता जाता जे सांगून टाकलंस ना, तोच तुझा एसे आहे.

आधी हे लक्षात घे की मार्कांवरच्या स्कॉलरशिपला अर्ज करणारे सगळेच मार्कवाले असतात. तुझी टक्केवारी फॉर्ममध्ये आहे, मार्कशीट जोडलेली आहे, वाचणाऱ्याने ती बघितलेली आहे, मग तीनशेतले शंभर शब्द पुन्हा तेच सांगण्यात का घालवायचे? त्याला आता हे बघायचंय की ही मुलगी अडली की काय करते, डोकं कसं चालवते, आणि आपण पैसे दिले तर ती पुढे नेमकं काय शिकणार आहे. "विज्ञानाची प्रचंड आवड" या वाक्यातून यातलं काहीच कळत नाही, कारण ते वाक्य कुणीही लिहू शकतं आणि खरंच खूप जण लिहितात.

आता तुझी लंबकाची गोष्ट घे. मी ती अशी लिहून बघितली, आकडे माझ्या अंदाजाने घातलेत, तू तुझ्या जर्नलमधले खरे टाक:

"लंबकाच्या प्रयोगात आमच्या बॅचमध्ये सगळ्यांना गुरुत्वीय त्वरण ९.६ च्या आसपास येत होतं. पुस्तकात ९.८ आहे. बहुतेकांनी जर्नलमध्ये ९.८ लिहिलं. मला प्रश्न पडला, की चूक हाताची असती तर कुणाचं कमी, कुणाचं जास्त आलं असतं, सगळ्यांचं कमीच का येतंय? स्टॉपवॉच बदलून बघितलं, झोका लहान ठेवून बघितला, फरक पडला नाही. मग लक्षात आलं की आम्ही सगळे दोरी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत मोजत होतो, लांबी धरायची असते गोळ्याच्या मध्यापर्यंत. ५० सेंटिमीटरच्या जागी ४९. तो एक सेंटिमीटर धरला आणि उत्तर ९.८ आलं."

बघ, सत्तर-ऐंशी शब्दांत झालं. आणि त्यातलं सगळ्यात किमती वाक्य कुठलं माहितीय? "सगळ्यांचं कमीच का येतंय?" हे. कारण फिजिक्स कळणारा माणूस तिथेच थांबतो, त्याला कळतं की हिने हाताच्या चुका आणि पद्धतीतली चूक यातला फरक स्वतः पकडलाय, कुणी शिकवायच्या आधी. फिजिक्स न कळणाऱ्यालाही एवढं नक्की कळतं की सगळ्यांनी आकडा बदलला तेव्हा ही एकटी कारण शोधत बसली. जिज्ञासू, चिकाटीची, प्रामाणिक ही विशेषणं मग लिहावीच लागत नाहीत, वाचणारा ती मनात स्वतःच लावतो.

आता उरले सव्वादोनशे शब्द. त्यातले साठ-सत्तर त्यानंतर काय झालं याला दे, म्हणजे तू सरांना दाखवलंस का, पुढच्या बॅचला प्रयोग करताना सांगितलंस का, नंतरच्या प्रयोगांमध्ये मोजमापाकडे बघण्याची तुझी सवय बदलली का. काहीच झालं नसेल तर काही घडवून लिहू नकोस, सरळ पुढे जा. मग शंभरेक शब्द पुढच्या शिक्षणाला, पण तिथेही "उच्च शिक्षण घेऊन देशाचं नाव उज्ज्वल करायचंय" असं नको, कुठला विषय, त्यातला कुठला प्रश्न तुला खुणावतोय ते लिही. आणि शेवटचे पन्नासेक शब्द या पैशाने काय सोपं होईल त्याला, म्हणजे सुट्टीत पार्ट टाइम कामाच्या जागी एखाद्या लॅबमध्ये इंटर्नशिप करता येईल असं जे काही खरं असेल ते. हे आकडे म्हणजे काही नियम नाही हं, नुसता अंदाज यावा म्हणून सांगतेय.

सुरुवातीला सुविचार टाकू नकोस. शब्दकोशातला अर्थ तर मुळीच नको. थोर माणसांची वाक्यं थोर असतात पण ती तुझी नसतात, आणि जागा तुझ्याच तीनशेतली जाते.

प्रश्न: मेरिट स्कॉलरशिप म्हणजे ज्याला मार्क जास्त त्याला मिळणार, मग एसे नुसती फॉर्मॅलिटी आहे का? माझा मित्र म्हणतो कुणी वाचतसुद्धा नाही.

उत्तर: काही ठिकाणी खरंच फक्त मार्कांची यादी लावतात, पण तिथे सहसा एसे मागतच नाहीत. मागितलाय याचाच अर्थ वाचणार आहेत, आणि बरेचदा एकाहून जास्त जण वाचतात आणि ठरलेल्या मुद्द्यांवर गुण देतात.

मेरिट कशाला म्हणायचं ते देणारा ठरवतो, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम होतं. ऑक्सफर्ड विद्यापीठात शिकण्यासाठीची ऱ्होड्स स्कॉलरशिप सेसिल ऱ्होड्सच्या मृत्युपत्रातून सुरू झाली, तो १९०२ साली वारला, आणि त्या मृत्युपत्रातच लिहिलंय की निवडलेली मुलं नुसती पुस्तकी किडे नसावीत. अभ्यास हवाच, शिवाय खेळ, स्वभाव, नेतृत्व असं सगळं त्यात धरलेलं. आणि त्याच मृत्युपत्राप्रमाणे ती फक्त पुरुषांना होती, मुलींना ती मिळायला १९७७ साल उजाडावं लागलं, म्हणजे त्याआधी कितीही हुशार मुलगी असली तरी ती त्यांच्या मेरिटमध्ये बसतच नव्हती. मला हे वाचून दर वेळी राग येतो, पण त्यातून शिकायचं ते हेच की मेरिटची व्याख्या आभाळातून पडत नाही, ती कुणीतरी कागदावर लिहिलेली असते आणि तो कागद आपण वाचायचा असतो.

केंब्रिज विद्यापीठात शिकण्यासाठीच्या गेट्स केंब्रिज स्कॉलरशिपचं बघ, २००० साली सुरू झाली, ते उघड सांगतात की बौद्धिक कुवत, हाच कोर्स का निवडला याचं कारण, इतरांचं आयुष्य सुधारण्याची कळकळ आणि नेतृत्वाची क्षमता असं चार गोष्टींवर बघतो. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग १९८३ पासून चालू आहे, तिथे नेतृत्व, लोकांशी संबंध जोडणं, ब्रिटनमध्येच का शिकायचंय आणि पुढे काय करणार यावर लिहायला सांगतात. अमेरिकेची फुलब्राइट १९४६ मध्ये सुरू झाली ती मुळात अमेरिका आणि बाकीच्या देशांतल्या लोकांनी एकमेकांना समजून घ्यावं म्हणून, त्यामुळे तिथे नुसती संशोधनाची हुशारी सांगून पुरत नाही, तू तिथल्या लोकांमध्ये मिसळून काय देणार-घेणार तेही दिसायला लागतं. एकच टॉपर या तिन्ही ठिकाणी गेला तर त्याला तीन वेगळ्या गोष्टी सांगाव्या लागतील.

तू ज्याला अर्ज करतोयस ती एवढी मोठी नसेल, एखाद्या कॉलेजची किंवा ट्रस्टची असेल, तरी त्यांच्या पानावर दोन ओळी असतातच, कुणाच्या स्मरणार्थ आहे, कशासाठी आहे. त्या ओळींची प्रिंट काढ आणि लिहिताना शेजारी ठेव. आणि कुणी वाचत नाही म्हणणारा तो मित्रही अर्ज करतोय का ते बघ बरं!

प्रश्न: नमस्कार मॅडम, माझा मुलगा अभ्यासात फार हुशार आहे पण त्याला लिहिता येत नाही. मी स्वतः वीस वर्षं ऑफिसात ड्राफ्टिंग केलंय. त्याचा एसे मी लिहून दिला तर काय हरकत आहे? नाहीतर तो एआयकडून लिहून घेईन म्हणतोय, त्यापेक्षा माझं बरं ना?

उत्तर: नमस्कार. तुमची काळजी अगदी समजते, मुलाचं वर्ष, एवढे पैसे, आणि तो आपला दोन ओळी लिहून उठतो, जीव वरखाली होणारच. पण नका लिहून देऊ.

नियमाची बाजू आधी सांगते. बऱ्याच अर्जांच्या शेवटी "हे लिखाण माझं स्वतःचं आहे" असं कबूल करून टिक करायचं असतं. ऱ्होड्सवाले तर पर्सनल स्टेटमेंटच्या बाबतीत इतके कडक आहेत की दुसऱ्याने ते एडिट केलेलंही चालत नाही. म्हणजे तुमच्या हातचं लिहून तो टिक करणार म्हणजे खोटं बोलूनच सुरुवात. एआयचंही तेच, प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा आहे, काही ठिकाणी शुद्धलेखन तपासायला चालतं, काही ठिकाणी अजिबात नाही, त्यामुळे नियम वाचल्याशिवाय हात लावू नका.

दुसरं म्हणजे ते लपत नाही. वीस वर्षं ड्राफ्टिंग केलेल्या माणसाची वाक्यं अठरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी बसत नाहीत, "सदर अभ्यासक्रमाच्या अनुषंगाने" असं कुठलाच मुलगा लिहीत नाही हो. आणि एआयचं लिखाण इतकं गुळगुळीत असतं की वाचून झाल्यावर एकही गोष्ट लक्षात राहत नाही. पुढे इंटरव्ह्यू असला तर पॅनेलसमोर तो एसे असतो आणि पहिला प्रश्न त्यातूनच येतो, "तुम्ही लिहिलंय की अमुक वेळी तुम्ही असा निर्णय घेतला, का घेतला?" तिथे त्याला एकट्याला बसायचंय.

तुम्ही जे करू शकता ते दुसरं कुणी करू शकत नाही, ते सांगते. तो लहान असल्यापासून तुम्ही त्याला बघताय. त्याच्याशी तासभर गप्पा मारा, फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, आणि नुसते प्रश्न विचारा. शेवटचं कधी असं झालं की जेवायला हाक मारली तरी उठला नाहीस, काय करत होतास? कुठला विषय आधी नावडता होता आणि नंतर आवडायला लागला, मधे काय झालं? मित्र कशात तुझी मदत मागतात? तुम्ही उत्तरं देऊ नका, दुरुस्त करू नका, मधे बोलू नका. ज्या मुलाला लिहिता येत नाही त्याला बहुतेक वेळा बोलता येतं. मग ते रेकॉर्डिंग त्याने ऐकायचं आणि स्वतःच्याच शब्दांत उतरवायचं. त्यानंतरचा ड्राफ्ट, दुसऱ्याने वाचलेला नियमात चालत असेल तर, वाचा आणि फक्त जिथे कळलं नाही तिथे पेन्सिलने खूण करा. वाक्य बदलून देऊ नका, मोह होईल, तरी नका.

प्रश्न: वडील गेल्यानंतर मी कॉलेज करून संध्याकाळी काम करतोय. मार्क ८२ टक्के आहेत, माझ्याबरोबर अर्ज करणारे ९५ वाले आहेत. स्कॉलरशिप मेरिटवर आहे, गरजेवर नाही, असं स्पष्ट लिहिलंय. मग घरची परिस्थिती लिहिली तर दया मागितल्यासारखं होईल का? आणि नाही लिहिली तर माझे मार्क कमी का आहेत ते कसं कळणार?

उत्तर: तुझं पत्र वाचून आधी तुला सांगावंसं वाटलं की ८२ कमी नाहीत रे, त्या परिस्थितीत तर नाहीच नाही. पण पहिल्यांदा पात्रतेची अट बघ, किमान ८५ वगैरे लिहिलं असेल तर एसे कितीही चांगला असला तरी अर्ज वाचायच्या आधीच बाजूला पडतो, तिथे वेळ घालवू नकोस. अट ७५ किंवा ८० ची असेल तर तू शर्यतीत आहेस.

लिही, जरूर लिही, फक्त माहितीसारखं लिही. "आमच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला" इथे वाचणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळत नाही, त्याला वाईट वाटतं आणि तो पुढच्या अर्जाकडे वळतो. त्याऐवजी कधीपासून, आठवड्याला किती तास, काय काम, आणि त्याच काळात तू काय काय केलंस, हे सांग. समजा तू लिहिलंस, "पहिल्या वर्षाच्या मध्यात वडील गेले. तेव्हापासून आठवड्याला वीस तास काम करतोय. त्या सेमिस्टरला मार्क घसरले, त्यानंतरच्या प्रत्येक सेमिस्टरला वाढलेत." तीन वाक्यं, रडणं नाही की तक्रार नाही, आणि आता त्याने मार्कशीट परत उघडली की ८२ हा आकडा त्याला वेगळा दिसतो, कारण त्याला चढती रेघ दिसते. मेरिट मोजायचं तर कुठल्या परिस्थितीत ते मार्क मिळवले हा त्याचाच भाग आहे, ती काही दया नाही.

पण सगळा एसे त्यावर खर्च करू नकोस. फॉर्ममध्ये "इतर माहिती" असा वेगळा रकाना असेल तर ही तीन वाक्यं तिथे टाक आणि एसे तुझ्या विषयाला मोकळा ठेव. रेकमेंडेशन लेटर देणाऱ्या सरांना तुझी परिस्थिती माहीत असेल तर त्यांनी ती लिहिलेली आणखी चांगली, तुला स्वतःच्या तोंडाने सांगावंही लागत नाही. आणि हो, तुला हे लिहायचंच नसेल, कुणाला सांगायची इच्छा नसेल, तर नको लिहूस. घरातलं दुःख उघडं केल्याशिवाय स्कॉलरशिप मिळत नाही असं अजिबात नाहीये.

शिवाय गरजेवरच्या स्कॉलरशिपही शोध, तिथे उत्पन्नाचे कागद लागतात, ते आत्तापासून जमवायला घे.

प्रश्न: मी एसे मराठीत लिहिलाय, २५० शब्दच आहेत, पण पोर्टल "कॅरेक्टर लिमिट ओलांडली" असं दाखवतंय. १५०० कॅरेक्टर दिलेत. मोजले तर तेवढे होत नाहीत!

उत्तर: तू अक्षरं मोजतोयस आणि कॉम्प्युटर वेगळंच मोजतोय. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे प्रत्येक वेगळं कॅरेक्टर धरलं जातं. "कि" आपल्याला एक अक्षर वाटतं, तिथे ती दोन. "क्षि" तर चार होतात, क, पायमोडकं चिन्ह, ष आणि वेलांटी. शिवाय स्पेस आणि एंटरही मोजतात. त्यामुळे डोळ्यांनी मोजण्यात अर्थ नाही, टाइप करतानाच कुठल्याही कॅरेक्टर काउंटरमध्ये टाकून बघ.

कापायचं असेल तर आधी जोडशब्द आणि भरीचे शब्द काढ, "अत्यंत", "खरोखरच", "या ठिकाणी", "करण्यात आले". ते गेल्यावर बरंच हलकं होतं आणि वाचायलाही बरं होतं. शेवटचं म्हणजे थेट पोर्टलमध्ये लिहीत बसू नकोस, वेळ संपून लॉगआउट झालं की सगळं जातं, पण दुसरीकडून पेस्ट केल्यावर मात्र पहिल्यापासून एकदा वाच, कारण ठळक अक्षरं, बाण, टिंबं असलं सगळं तिथे उडतं किंवा चौकोन होऊन बसतं.

प्रश्न: रेकमेंडेशन लेटरसाठी मॅडमकडे गेले तर त्या म्हणाल्या, "तूच लिहून आण, मी सही करते." काय करू?

उत्तर: हे सर्रास चालतं आणि मला ते मनापासून खटकतं. विद्यार्थ्यासाठी एक पान लिहिणं हे शिकवण्याच्याच कामाचा भाग आहे, आणि अठरा-वीस वर्षांच्या मुलीने स्वतःबद्दलच "ही अत्यंत हुशार आहे" असं दुसऱ्याच्या नावाने लिहायचं म्हणजे तिला किती अवघडायला होतं! शिवाय बरेच अर्ज आता शिक्षकांच्या ईमेलवर थेट लिंक पाठवतात आणि ते पत्र गोपनीय धरतात, मग तू लिहिलेलं त्यांनी चिकटवलं आणि एसेची आणि पत्राची भाषा सारखीच निघाली तर वाचणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं, आणि त्यात तुझाच तोटा.

पण मॅडमशी वाद घालूनही उपयोग नाही. तू लेटर नेऊ नकोस, एका पानाच्या नोट्स ने. त्यांच्याकडे कुठला विषय कुठल्या वर्षी होता, किती मार्क पडले, कुठलं प्रोजेक्ट केलं आणि त्यात तुझा वाटा काय होता, वर्गातला एखादा प्रसंग जो त्यांनाही आठवेल, स्कॉलरशिप कशासाठी आहे, आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरात शेवटची तारीख. म्हणायचं, "मॅडम, लेटर तुमच्या शब्दांत असेल तर जास्त चालेल असं त्यांनी म्हटलंय, तुमचा वेळ वाचावा म्हणून मी मुद्दे काढून आणलेत." समोर मुद्दे असले की बऱ्याच जणांना लिहायला दहा मिनिटं पुरतात, त्यांना अडतं ते आठवण्यात. निदान तीन आठवडे आधी जा, आणि आठवडा राहिला की एकदा नम्रपणे आठवण कर, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तरीही त्या नाहीच म्हणाल्या तर दुसऱ्या शिक्षकांकडे जा, मोठ्या हुद्द्याचे असायला हवेत असं नाही, तुला ओळखणारे हवेत. प्राचार्यांचं तीन ओळींचं पत्र असण्यापेक्षा प्रॅक्टिकल घेणाऱ्या तरुण सरांचं एक पान कितीतरी चांगलं.

प्रश्न: मी सहा स्कॉलरशिपना अर्ज करतोय. एकच एसे सगळीकडे टाकला तर चालेल का? आणि शेवटच्या दिवशी सबमिट केलं तर काही फरक पडतो का?

उत्तर: मधला प्रसंग तोच ठेव, सुरुवात आणि शेवट मात्र प्रत्येक ठिकाणी त्यांच्या प्रश्नाप्रमाणे नव्याने लिही. "तुमचं ध्येय सांगा" आणि "तुम्ही पेललेलं आव्हान सांगा" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की लगेच दिसतं. आणि पाठवण्याआधी प्रत्येक फाइलमध्ये बाकीच्या पाच संस्थांची नावं सर्च करून बघ, एका संस्थेच्या अर्जात दुसरीचं नाव राहिलं तर त्यावर काही उपाय नसतो. फाइलला नाव देतानाही तुझं नाव आणि स्कॉलरशिपचं नाव टाक, "फायनल फायनल नवीन" असल्या नावाने चुकीचीच फाइल अपलोड होते.

शेवटच्या दिवशी पाठवलं म्हणून गुण कापत नाहीत, पण पोर्टल बंद पडतात, शिक्षकांची लिंक उघडत नाही, फोटो अमुक केबीपेक्षा मोठा निघतो. आणि परदेशातली असेल तर वेळ कुठल्या देशाची आहे ते बघ. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे तिथल्या डेडलाइनचा हिशोब त्या आठवड्यात हमखास चुकतो. दोन दिवस आधीची तारीख हीच शेवटची असं धरून चाल.

प्रश्न: मला मेसेज आलाय की माझी एका स्कॉलरशिपसाठी निवड झालीय, फक्त रक्कम जमा व्हायला आधी प्रोसेसिंग फी भरायचीय. मी तर तिथे अर्ज केल्याचं आठवतही नाही. भरू का?

उत्तर: नको! अर्ज न करता निवड होत नाही, आणि मिळालेले पैसे सोडवायला आधी पैसे मागतात ते फसवतात. निवड झाल्यावर खरी संस्था तुझा खाते क्रमांक मागू शकते, ओटीपी, पिन किंवा पासवर्ड कधीच नाही. त्या मेसेजमधल्या लिंकवर क्लिकही करू नकोस.

प्रश्न: ताई, मला चार वर्षांची मेरिट स्कॉलरशिप मिळाली! आता नुसती स्वीकारायची ना, की अजून काही बघायचं असतं?

उत्तर: अभिनंदन गं! मनापासून आनंद झाला. आणि बरं केलंस विचारलंस, कारण या टप्प्यावर बहुतेक जण काही वाचतच नाहीत.

चार वर्षांची म्हणजे चार वर्षं आपोआप मिळते असं नसतं, बहुतेक ठिकाणी दर वर्षी ती पुढे चालू ठेवायला अट असते. किती ग्रेड राखायची, ती सेमिस्टरवर मोजतात की वर्षावर, एकदा खाली आलं तर संधी देतात की लगेच बंद करतात, हे आधी बघ. विषय बदलला, आजारपणात एक टर्म सोडली किंवा कमी विषय घेतले तर काय होतं तेही बघ, कारण सलग पूर्णवेळ शिकण्याची अट असेल तर तिथेच मुलं अडकतात. मग दुसरी एखादी स्कॉलरशिप मिळाली तर दोन्ही घेता येतात का ते विचार, काही ठिकाणी एक मिळाली की कॉलेज दुसरी तेवढ्याने कमी करतं आणि हातात वाढीव काहीच येत नाही. पैसे तुझ्या खात्यात येणार की थेट फीमध्ये वळते होणार, आणि कधी, हेही लेखी घे, कारण फी भरायची तारीख आधी आणि पैसे नंतर असं झालं तर मधली सोय तुलाच करावी लागेल. शिक्षण झाल्यावर परत यायची किंवा काही वर्षं काम करायची अट असते कधी कधी, चेव्हनिंगमध्ये आपल्या देशात परतून दोन वर्षं राहावं लागतं, तसं काही आहे का ते शेवटच्या पानावर शोध.

यातलं जे पत्रात स्पष्ट नसेल ते ईमेल करून विचार, फोनवर नको, उत्तर लेखी हवं. असं विचारल्याने कुणी स्कॉलरशिप काढून घेत नाही. आणि स्वीकारायची तारीख किती आहे ते आजच बघून ठेव, उत्तरं यायला आठवडा लागेल असं धरून ईमेल आजच टाक.